बाटलीत पाणीच आहे

मला बेडकांचं प्रेम कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल की एवढा जीव होता तर असं कसं केलंस. जीव नव्हता, हौस होती. हौसेला मोल नसतं असं आपण कौतुकानं म्हणतो. मोल असतं, फक्त ते दुसऱ्या कोणाला तरी भरावं लागतं.

आम्ही शारजात राहतो. नवरा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. मुलगी अकरावीत आहे आणि माझ्या मराठी प्रश्नांना इंग्लिशमध्ये उत्तरं देते. मी पदार्थांचे फोटो काढते. इथल्या कितीतरी मराठी बायका घरून ऑर्डरी घेतात, मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ, आणि त्यांना इन्स्टाग्रामवर टाकायला फोटो लागतात. हॉलच्या खिडकीशी टेबल, त्यावर पांढरी चादर, केळीचं पान आणि हाताशी फवाऱ्याची बाटली, एवढाच माझा स्टुडिओ. त्या बाटलीत अर्धं पाणी आणि अर्धं ग्लिसरीन असतं. नुसतं पाणी मारलं तर एसीत दोन मिनिटांत सुकून जातं. ग्लिसरीन घातलं की थेंब तासभर टपोरा बसून राहतो आणि चार दिवसांची कोथिंबीर आत्ता खुडून आणल्यासारखी दिसते. आमच्या धंद्यातली ही साधी लबाडी आहे, सगळेच करतात. मी तिचा कधी दुसऱ्यांदा विचारही केला नव्हता.

इथल्या एका मॉलच्या मागच्या अंगाला काचेखाली वसवलेलं छोटंसं जंगल आहे. नाव लिहीत नाही. खरी झाडं, खोटा धबधबा, सुटे पक्षी आणि झाडाला लटकून दिवसभर झोपणारा स्लॉथ नावाचा एक प्राणी. दोन उन्हाळ्यांपूर्वी मुलीची मैत्रीण आली होती आणि बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं, म्हणून दोघींना घेऊन गेले. त्यांनी दहा मिनिटांत सगळं बघून टाकलं आणि फूड कोर्टात निघून गेल्या. मी एका कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीपाशी थांबले. बाहेर पाटी होती, पॉयझन डार्ट फ्रॉग. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातले बेडूक. तिकडचे लोक बाणाच्या टोकाला यांच्या अंगचं विष लावत असत, म्हणून हे नाव. पाटीवर इतकं सगळं लिहिलं होतं आणि आत बघावं तर नुसती पानं. कॅमेरा काढला तर लेन्सवर धुकं. पुसलं, पुन्हा धुकं. "मेलं काही दिसतच नाही," मी स्वतःशीच म्हणाले.

"वीस मिनिटं थांबा ताई. कॅमेरा अजून तुमच्या गाडीच्या एसीतच आहे."

मागे निळ्या युनिफॉर्ममधला एक माणूस हातात पाण्याची नळी घेऊन उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, दोन्ही हातांना ओल्या मातीचे डाग. थंड कॅमेरा अशा दमट जागेत एकदम उघडला की असंच होणार, तो पिशवीतच ठेवून पिशवी आधी गरम होऊ द्यायची, हे त्यानं मला शांतपणे समजावलं. परदेशात मराठी ऐकू आलं की मी जरा वेडीच होते. कुठले, काय, सगळं विचारून घेतलं. आंबोलीच्या घाटाखालचं गाव. अकरा वर्षांपूर्वी इथे काचा पुसायला म्हणून आला. बेडकांचं कोणालाच काही समजत नव्हतं आणि याला समजत होतं, म्हणून हळूहळू ती काचेची खोली याच्याकडे आली. कार्डावर मात्र अजून क्लीनरच लिहिलेलं होतं.

त्यानं मला बेडूक बघायला शिकवलं. बेडूक शोधायचा नाही, म्हणाला, पान बघायचं. वारा नसताना जे पान हललं, त्याच्या खाली बघायचं. अननसासारख्या दिसणाऱ्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, तिथे बघायचं. अर्ध्या करवंट्या उपड्या घालून ठेवल्यात, त्यांच्या तोंडाशी बघायचं. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे बघत राहिले आणि एकदम तो दिसला. अंगठ्याच्या पेराएवढा, शाईच्या दौतीतून काढून ठेवल्यासारखा निळा. इतका वेळ तो माझ्या नाकासमोर बसलेला होता. मग दुसरा दिसला, मग तिसरा. त्या खोलीत असे सहा होते.

मी विचारलं, हात लावला तर माणूस मरतो का? तो हसला. हे इथेच जन्मलेले, म्हणाला. विष त्यांना खाण्यातून मिळतं, तिकडच्या मुंग्यांतून, किड्यांतून. इथे त्यांना फळांवरच्या चिलटांसारख्या माश्या घालतो. यांच्यात विष नाही, नाव तेवढं राहिलंय. माझा थोडा हिरमोड झाला. तो त्याला दिसला असावा, कारण तो म्हणाला की आपल्याला त्यांच्यापासून काही होत नाही, त्यांना आपल्यापासून होतं.

मी वर्षाचा पास काढला. नवऱ्यानं तीनशे दिरहम म्हणजे सात हजार रुपये असा मोठ्यानं हिशेब केला आणि बेडकांसाठी सात हजार, असं म्हणून पेपर वाचायला घेतला. दर मंगळवारी सकाळी मी जायला लागले.

आता इथे माझ्या मनातलं सांगायला हवं. आमच्याकडे फोटोग्राफीचा एक हौशी क्लब आहे. त्याचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं. तीन वर्षं मी फोटो पाठवले आणि तीन वर्षं ते परत आले. तिसऱ्या वर्षी परीक्षकांपैकी एकानं चहा पिताना मला सांगितलं की तुमचं काम स्वच्छ आहे, पण ते जाहिरातीचं आहे. मी हसले, घरी आले आणि भांडी आपटली. पन्नाशीला टेकलेल्या बाईला प्रदर्शनात एक फोटो लागावा म्हणून इतका जीव टाकताना बघून कोणी हसेलही. पण मला तो हवा होता. फार हवा होता.

आणि भाऊंनी मला बेडकांमधल्या बापाची गोष्ट सांगितली. त्या निळ्या युनिफॉर्मवाल्यांना मी आता भाऊ म्हणायला लागले होते. या जातीत म्हणे मादी करवंटीखाली अंडी घालून मोकळी होते. नर ती ओली ठेवतो, राखतो, आणि पिल्लू बाहेर पडलं की त्याला पाठुंगळी घेऊन खोलीभर पाणी शोधत फिरतो. पानाच्या बेचक्यातलं बरं पाणी सापडलं की तिथे उतरवतो. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्या दोन मुली गावाला होत्या, मोठी बारावीला. त्यांना ते दोन वर्षांतून एकदा भेटायचे.

मला त्या क्षणी एवढंच सुचलं की हा फोटो परत येणार नाही.

काचेतून काढलेला फोटो मळकट येतो. कितीही लेन्स चिकटवा, काच ती काच. म्हणून मी भाऊंच्या मागे लागले, एकदा दार उघडा, दहाच मिनिटं. ते नाही म्हणाले. बाहेरच्या माणसाला आत घेणं सक्त मना होतं. आणखी एक कारण त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात पावसाळ्यात पुण्या-मुंबईचे फोटोवाले टॉर्च घेऊन यायचे, चिखलात आडवे पडायचे. एकदा एकानं फोटो काढताना हलू नये म्हणून एक बेडूक डबीत घालून रात्रभर बर्फात ठेवलेला त्यांनी पाहिला होता. मी म्हणाले, भाऊ, मी तशी आहे का? ते नळी गुंडाळायला लागले.

मी तीनदा विचारलं. आणि रिकाम्या हातानं विचारलं नाही. गणपतीत मोदक घेऊन गेले. एकदा घावणे आणि नारळाचा रस घेऊन गेले. सहा माणसांच्या खोलीत राहणारा, पाळीपाळीनं डाळभात शिजवून खाणारा माणूस, त्यानं तो डबा दोन्ही हातांनी धरला. तेव्हा मी म्हणाले, परक्या मुलखात आपल्या माणसानं आपल्या माणसाला नाही म्हणायचं का? हे वाक्य मी ठरवून म्हटलं होतं. ते कामाला येईल हे मला माहीत होतं. आलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांचा मेसेज आला. बाप निघालाय, या. जंगल दहाला उघडायचं. मागच्या दारानं त्यांनी मला आत घेतलं. बेसिनपाशी उभं करून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, साबण न लावता, तीनदा. सेंट, क्रीम, सनस्क्रीन काही लावलंय का, विचारलं. मी आदल्या दिवसापासून काही लावलं नव्हतं, इतकी शहाण्यासारखी वागले होते. खिशातला सॅनिटायझरसुद्धा त्यांनी काढून बाहेर ठेवायला सांगितला. मग काचेचं दार सरकवलं, हलू नका म्हणाले आणि माश्यांचा डबा आणायला आतल्या खोलीत गेले.

तो समोरच होता. एका रुंद पानावर, मान वर करून, आणि त्याच्या निळ्या पाठीवर तपकिरी रंगाचं शेपटीवालं पिल्लू चिकटलेलं. मी दोन फोटो काढले. पडद्यावर बघितले. बेडूक सुंदर, पण पान कोरडं, निस्तेज. धुक्याचे फवारे सकाळी अजून सुरू व्हायचे होते. जंगल म्हणजे ओलं दिसायला नको का? माझा हात बॅगेच्या बाजूच्या कप्प्याकडे आपोआप गेला. आदल्या संध्याकाळी एका बाईंच्या ढोकळ्याचे फोटो काढले होते, बाटली तिथेच होती.

सहा-सात वेळा दाबली असेन. थेंब पानावर असे काही बसले की बघत राहावं. त्यातले काही त्याच्याही अंगावर पडले. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. पानाच्या बेचक्यातल्या पाण्यातही गेलंच असणार. मी पुढचे वीस फोटो काढले आणि त्यातला सातवा बघताक्षणीच मला समजलं की हाच.

भाऊ परत आले. त्यांची नजर पानावर गेली, मग माझ्या हातातल्या बाटलीवर.

"ताई, काय मारलंत ते?"

"पाणीच आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. मला आता असं लिहायला फार आवडेल की ग्लिसरीनची आठवण मला त्या क्षणी नव्हती. आठवण होती. बोलता बोलताच होती. पण ते औषधाच्या दुकानात मिळतं, थंडीत ओठांना लावतात, त्यानं काय होणार, असं काहीतरी मनात येऊन गेलं, आणि त्याहून जास्त म्हणजे भाऊंनी दार लावून घेऊ नये असं वाटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

शुक्रवारी त्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला मेसेज आला. बाप गेला, म्हणाले. सकाळी करवंटीपाशी पडलेला मिळाला. पिल्लूही पाण्यात मेलेलं होतं. शनिवारपर्यंत आणखी तीन गेले. सहातले दोन राहिले. त्या मेसेजमध्ये रागाचा एक शब्द नव्हता. मग फोन आला. इतके दिवस माझ्याशी ते शाळामास्तरांसारखं नीट पुस्तकी मराठी बोलत, त्या दिवशी त्यांची मालवणी सुटली.

"ताई, त्या बाटलयेत पाणीच होतां ना? फिल्टरचां की नळाचां?"

मी म्हणाले, फिल्टरचं. एका खोट्याला दुसरं जोडताना मला पहिल्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला. जे आधी वाचायला हवं होतं ते तेव्हा वाचलं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. अंगाला लागेल ते त्याच्या आत जातं. आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, म्हणून तर माझे थेंब सुकत नाहीत. त्याचंच पाणी ओढलं गेलं असेल. नक्की तसंच झालं की नाही हे मला कोणी लिहून दिलेलं नाही, पण मला काही शंका राहिली नाही. जेवण केलेलं तसंच ओट्यावर राहिलं.

भाऊंची चौकशी सुरू झाली. जनावरांच्या डॉक्टरनं पाण्याचे नमुने नेले. भाऊंना कामावरून तात्पुरतं बाजूला केलं आणि निर्णय होईपर्यंत खोलीवर बसायला सांगितलं. इथे नोकरी गेली म्हणजे नुसती नोकरी जात नाही, व्हिसाही त्याच नोकरीचा असतो, त्यामुळे माणूसच जातो. बेडकांच्या खोलीत कोणी बाहेरचं आलं होतं का, असं मॅनेजरनं त्यांना विचारलं. ते कोणी नाही म्हणाले. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, तुमचं नाव येणार नाही, काळजी करू नका, असं. मला सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं, माझा जीव टांगणीला लागू नये म्हणून.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला की तू आता गप्प बस. परक्या देशात आपण होऊन कागदावर जायचं नाही, हे त्याचं वीस वर्षांचं तत्त्व आहे. बेडूक काही परत येणार नाहीत, त्या माणसाचं काय होईल ते होईल, आपल्याला पुढे मुलीची बारावी आहे. त्याचंही काही चूक नव्हतं, म्हणूनच मला तो त्या दिवशी सहन झाला नाही. आम्ही तावातावानं भांडत होतो तेव्हा मुलगी दारात येऊन उभी राहिली. "देन जस्ट टेल देम, आई," ती म्हणाली. "इट्स नॉट दॅट हार्ड." आणि कानात पुन्हा गाणी घालून आत गेली.

तेवढ्यात प्रदर्शनाचा मेल आला. मंगळवारी रात्रीच मी तो सातवा फोटो पाठवून दिला होता, तो निवडला होता. पानावरच्या दंवानं चित्राला प्राण आलाय, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. मी फोटो मागे घेतला. कोणाला वाटेल पश्चात्तापानं घेतला. तसं नव्हतं. त्या दारापलीकडचा फोटो कोणाच्या तरी नजरेला येईल आणि कुठून काढला म्हणून विचारतील, ही भीती होती.

त्यानंतरचे नऊ दिवस कसे गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. झोप गेली होती. दुपारी डोळा लागला तरी दचकून उठायचे. एका बाईंच्या श्रीखंडाचे फोटो काढायला बसले आणि बाटली हातात घेतली ती तशीच खाली ठेवली. त्यांना म्हटलं, बरं वाटत नाहीये. रविवारी भाऊंचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं पुन्हा विचारणार, ताई, पाणीच होतं ना, आणि या वेळी मला हो म्हणता येणार नाही. सोमवारी सकाळी आणखी एक आला. स्क्रीनवर त्यांचं नाव बघत मी उभी राहिले, तो वाजायचा थांबला, आणि मी ठरवलं. आता बस्स. खरं सांगून टाकायचं. आपली चूक आहे, आपण भोगू. त्या माणसावरचा आळ तरी जाईल.

त्यांना फोन करून विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. किंवा आलं असेल, पण मी ते येऊ दिलं नाही.

साडी नेसून गेले, जशी शाळेत मुख्याध्यापिकांना भेटायला जाते तशी. मॅनेजर बाई तरुण होत्या, नम्र होत्या. पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं, बाटली, ग्लिसरीन, फोटो. बाटली बरोबर नेली होती, ती टेबलावर ठेवली. सगळी चूक माझी आहे, असं मी दोनदा म्हणाले. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी एकच विचारलं, काचेचं दार कोणी उघडलं?

मी सगळ्याची तयारी केली होती. दंड, पोलीस, नवऱ्याचा राग. या साध्या प्रश्नाची केली नव्हती. किल्ली एकाच माणसाकडे असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिले. तेच उत्तर झालं.

"ही टोल्ड अस देअर वॉज नोबडी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, जरा दुखावल्यासारख्या वाटल्या. मी घाईघाईनं म्हणाले की त्यांचा काही दोष नाही, मीच मागे लागले होते, मीच खोटं बोलले. त्या उठल्या, माझ्याशी हात मिळवला. "थँक यू फॉर युअर ऑनेस्टी." बाटली त्यांनी ठेवून घेतली. मला कोणी दंड केला नाही. पास रद्द झाला, एवढंच.

गुरुवारी मी भाऊंना फोन केला. त्यांनी लगेच उचलला आणि शारजातल्याच रोला भागातल्या एका कॅफेटेरियाचं नाव सांगून संध्याकाळी पाचला या म्हणाले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कडक चहा, बाजूला कामावरून सुटलेली माणसं. युनिफॉर्मशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

व्हिसा कॅन्सल झाला होता. बुधवारचं तिकीट होतं.

मी म्हणाले की मी मुद्दाम नाही केलं, मला वाटलं खरं कळलं तर तुम्हाला परत घेतील. ते कपातल्या चहाकडे बघत होते. मग त्यांनी मला सांगितलं की रविवारी फोन का केला होता. प्रकरण मिटलं होतं. बेडकांच्या पाण्याचा फिल्टर बदलायला दोन आठवडे उशीर झालेला होता, तो दोष त्यांच्या नावावर लागला. वॉर्निंग लेटर दिलं, त्यांनी सही केली. खलास. मंगळवारपासून कामावर या म्हणाले होते. तेच सांगायचं होतं, ताईंच्या जिवाला घोर लागला असेल म्हणून. रविवारी दोनदा केला, सोमवारी सकाळी एकदा.

"बेडूक मेले म्हणून नाही काढलं," ते म्हणाले. "खोटं बोललो म्हणून काढलं."

मला बसवेना. बाजूच्या टेबलावरची माणसं बघत होती, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी थांबवलं नाही. आता तुम्ही काय करणार, मोठ्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचं काय, असं सगळं मी विचारत सुटले. बघू, एवढंच ते म्हणाले. नवऱ्याच्या कारखान्यात शब्द टाकते, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही.

मग मला वाटलं निदान माझं काय झालं होतं ते तरी त्यांना कळावं. मी म्हणाले, "भाऊ, नऊ दिवस मला झोप नव्हती हो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. रागावलेले नव्हते. कॅमेरा पिशवीतच ठेवा म्हणून सांगितलं होतं तितक्याच शांतपणे बोलले.

"माका आधी इचारूक होया होतां, ताई. तुम्ही माझ्यासाठी नाय गेलात. तुमका झोप येत नव्हती म्हणान गेलात."

सोमवारी मॅनेजर बाईंना सगळं सांगून मी घरी आले होते, पोटभर जेवले होते, आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकदाही कूस न बदलता झोपले होते.